किरकोळ दुरुस्त्या आणि सुधारणा

परवा सकाळी गाडी बाहेर काढली, पहिल्या वळणाशी नेहमीसारखा अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय उचलला आणि गाडी हळू व्हायलाच तयार नाही. घाबरू नका, ब्रेक होते, दाबल्यावर थांबली. पण ज्यांच्याकडे इलेक्ट्रिक गाडी आहे त्यांना कळेल मी काय म्हणतोय ते. पाय सोडला की मोटर जनरेटरसारखी चालायला लागते, बॅटरीत थोडा चार्ज परत जातो आणि गाडी आपोआप मंदावते, त्याला आपण सगळे रिजेन म्हणतो, आणि महिन्या दोन महिन्यांत पायाला त्याची एवढी सवय लागते की ब्रेकचं पॅडल आहे हेच विसरायला होतं. त्या सकाळी ती ओढच गायब. पुढची गाडी एकदम जवळ आली आणि पोटात गोळा आला.

रात्री गाडीच्या सॉफ्टवेअरचं अपडेट झालं होतं. सेटिंगमध्ये जाऊन बघितलं तर रिजेनची लेव्हल गाडीने स्वतःच सगळ्यात खालच्या नंबरवर नेऊन ठेवलेली. मग अपडेटबरोबर काय माहिती आलीय ते उघडलं, म्हटलं यात लिहिलं असेल. तिथे एकच ओळ. 'किरकोळ दुरुस्त्या आणि कार्यक्षमतेत सुधारणा.' बास.

सर्व्हिस सेंटरला फोन केला. पलीकडचा मुलगा अगदी सभ्य, त्याचा काही दोष नाही. म्हणाला, सर अपडेटनंतर कधी कधी सेटिंग डिफॉल्टला जातात. मी म्हटलं, अरे मग हे कुठे लिहिलेलं का नाही? तर म्हणाला, लिहिलेलं नसतं सर, आम्हालाही कस्टमरचा फोन आला की कळतं.

हे वाक्य डोक्यातून जाईना म्हणून ही पोस्ट. कंपनीचं नाव घेत नाही, कारण मुद्दा एका कंपनीचा नाहीच.

आधीच सांगतो, मी ओटीएच्या, म्हणजे इंटरनेटवरून थेट गाडीत येणाऱ्या अपडेटच्या, विरोधात नाही. उलट इलेक्ट्रिक गाडी घेताना ते एक मोठं आकर्षण होतं, वर्कशॉपला न जाता गाडी घरबसल्या सुधारते ही गोष्ट भारीच आहे. २०१८ चं उदाहरण बघा. अमेरिकेतल्या कन्झ्युमर रिपोर्ट्स या ग्राहकांसाठी वस्तू तपासणाऱ्या संस्थेने टेस्लाच्या मॉडेल ३ ची चाचणी घेतली, ताशी ६० मैलांवरून पूर्ण थांबायला गाडीला १५२ फूट लागले, एवढ्या आकाराच्या गाडीला हे फारच जास्त, म्हणून त्यांनी गाडीची शिफारस करायला नकार दिला. टेस्लाने काही दिवसांत एबीएसच्या, म्हणजे जोरात ब्रेक मारल्यावर चाकं लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या, कॅलिब्रेशनमध्ये बदल करून अपडेट सोडलं, पुन्हा चाचणी घेतली तर १३३ फूट. १९ फूट कमी! कोणी पाना घेतला नाही, ब्रेक पॅड बदलले नाहीत. तेव्हा सगळ्यांनी हे कौतुकाने शेअर केलं होतं, मीही केलं असेल.

पण आता तेच वाचताना वेगळं वाटतं. जे सॉफ्टवेअर एका रात्रीत ब्रेक १९ फुटांनी सुधारू शकतं ते बिघडवूही शकतं, आणि दोन्ही वेळा सकाळी गाडी बाहेरून तशीच दिसणार.

आणि असं झालेलंही आहे. २०२५ मध्ये व्होल्वोला अमेरिकेत अकरा हजारांवर गाड्यांचा रिकॉल, म्हणजे दोष जाहीर करून गाड्या दुरुस्तीसाठी बोलावणं, काढावा लागला, ३.५.१४ नावाच्या सॉफ्टवेअर व्हर्जनमुळे. प्लग-इन हायब्रिड गाडी (इंजिन आणि चार्ज करायची बॅटरी दोन्ही असलेली) बी मोडमध्ये किंवा पूर्ण इलेक्ट्रिक गाडी वन पेडल ड्राइव्हमध्ये (दोन्ही जास्त रिजेनच्या सेटिंग) टाकून उताराला ब्रेकला हात न लावता, म्हणजे पाय न लावता, सलग १ मिनिट ४० सेकंद उतरत राहिली की त्यानंतर पॅडल दाबलं तरी ब्रेक लागणार नाहीत अशी शक्यता. म्हणजे नेमकं ते रिजेनवालंच ड्रायव्हिंग, जे आपल्याला कौतुकाने शिकवलं जातं. कल्पना करा, घाट उतरतोय. शंभर सेकंद म्हणजे घाटात काहीच नाही. अशी चूक चाचणीत का सापडत नाही असं आपण म्हणतो, पण किती जण टेस्ट ट्रॅकवर पाय न हलवता शंभर सेकंद उतार उतरत बसतात? सॉफ्टवेअरची चूक अशीच असते, ती एका विशिष्ट क्रमाची, विशिष्ट वेळाची वाट बघत बसते. दुरुस्ती अर्थात पुन्हा सॉफ्टवेअरनेच.

माझे बाबा आयुष्यभर डिझेल गाडी चालवत आले. त्यांचं एक म्हणणं आहे की आमच्या गाडीचा बिघाड आधी आवाज द्यायचा मग यायचा. बेअरिंग जायच्या आधी गुणगुणायचं, क्लच जायच्या आधी वास यायचा, कूलंट गळत असेल तर खाली डाग दिसायचा. बरोबर आहे त्यांचं. सॉफ्टवेअरच्या बिघाडाला वास नाही. काल रात्री नव्हता, आज सकाळी आहे, आणि त्याची एकमेव खूण म्हणजे अपडेटबरोबर येणारी ती रिलीज नोट, आणि ती अशी एका ओळीची.

आता यात इंजिनिअरांची बाजू पण आहे, मी स्वतः सॉफ्टवेअरमध्ये असल्याने थोडी समजते. गाडीत एक कॉम्प्युटर नसतो. ब्रेकचा वेगळा, स्टिअरिंगचा वेगळा, बॅटरी मॅनेजमेंटचा वेगळा, दरवाजांचा, दिव्यांचा, चार्जिंगचा, असे डझनांनी ईसीयू म्हणजे छोटे कॉम्प्युटर, बरेचसे वेगवेगळ्या सप्लायरचे, आणि ते सगळे आतल्या वायरींवरून एकमेकांशी बोलत असतात. एकाचं व्हर्जन बदललं की बाकीच्यांशी त्याचं जमतंय का हे बघावं लागतं. फोक्सवॅगनसारख्या कंपनीलाही हे जमवताना घाम फुटला, २०२० मध्ये आयडी.३ च्या गाड्या बनून उभ्या होत्या आणि सॉफ्टवेअर तयार नव्हतं, आणि सुरुवातीच्या अनेक ग्राहकांना ओटीए चालू होण्यासाठी आधी वर्कशॉपला जाऊन मोठं अपडेट करून घ्यावं लागलं. वर्कशॉपला जायला लागू नये म्हणून असलेल्या सोयीसाठी वर्कशॉपला जाणे, हे मला फार आवडलं.

आणि सगळ्यात वर त्या बारा व्होल्टच्या बॅटरीची गंमत. खाली एवढी मोठी बॅटरी असते पण दरवाजे, स्क्रीन, सगळे छोटे कॉम्प्युटर चालतात ते बहुतेक गाड्यांत बारा व्होल्टवर. ती बसली की मोठी बॅटरी ऐंशी टक्के भरलेली असली तरी गाडी म्हणजे दगड. अपडेट चालू असताना हे कॉम्प्युटर बराच वेळ जागे असतात, म्हणून बारा व्होल्टवाली अशक्त असेल तर अपडेट सुरूच करू नये.

असो, इंजिनिअरिंग अवघड आहे हे मान्य. चुका होणार हेही मान्य. माझी तक्रार चुकीबद्दल नाहीच, सांगण्याबद्दल आहे.

रिव्हियन या अमेरिकन इलेक्ट्रिक गाड्यांच्या कंपनीचं बघा. नोव्हेंबर २०२३ मध्ये त्यांनी २०२३.४२ नावाचं अपडेट सोडलं आणि काही गाड्यांचे स्क्रीन बंद पडले. गाडी चालत होती पण समोर स्पीड दिसेना. काय झालं होतं, तर चुकीच्या सिक्युरिटी सर्टिफिकेटवालं चुकीचंच बिल्ड, म्हणजे सॉफ्टवेअरची भलतीच प्रत, पाठवलं गेलं. आणि त्यांच्या सॉफ्टवेअरच्या प्रमुखाने रेडिटवर स्वतः येऊन लिहिलं की आमच्याकडून चूक झाली, हाताने चुकीचं बटण दाबलं जावं तसा प्रकार आहे, बाकीच्या गाड्यांना पाठवणं थांबवलंय. लाजिरवाणी चूक आहे, पण मला तो माणूस आवडला. वाचून कळलं तरी काय झालं ते.

आता दुसरं टोक. २०१९ मध्ये बॅटरीच्या आगीच्या एक दोन घटनांनंतर टेस्लाने जुन्या मॉडेल एस आणि मॉडेल एक्स गाड्यांना खबरदारी म्हणून अपडेट दिलं. काही मालकांच्या लक्षात आलं की फुल चार्ज करूनही रेंज कमी दिसतेय. कमी केली होती, बॅटरीच्या व्होल्टेजची वरची मर्यादाच खाली आणली होती, म्हणजे बॅटरी पूर्वीइतकी भरायचीच नाही. प्रकरण कोर्टात गेलं आणि २०२१ मध्ये १५ लाख डॉलरवर मिटलं, १७४३ गाड्या, बहुतेक मालकांना ६२५ डॉलर. आता खबरदारी घेतली यात चूक काय? काहीच नाही. बॅटरीला धोका असेल तर माझी रेंज कमी करा, खुशाल करा, मी सही करून देतो. पण 'तुमची रेंज अमुक कारणाने कमी करतोय' हे वाक्य लिहायला किती वेळ लागतो? टाकीतलं पेट्रोल रात्री कोणी काढून नेलं तर आपण त्याला सुधारणा म्हणत नाही.

आणि त्याच कंपनीने २०१७ मध्ये इर्मा वादळाच्या वेळी फ्लोरिडातल्या लोकांना बाहेर पडता यावं म्हणून सॉफ्टवेअरने अडवून ठेवलेली जास्तीची बॅटरी तात्पुरती खुली करून दिली होती. चांगलंच केलं. पण त्यातही हेच दिसतं ना, की चावी माझ्या खिशात असली तरी कुलूप त्यांच्याकडे आहे.

आता येतो माझ्या आवडत्या भांडणाकडे, रिकॉल हा शब्द. डिसेंबर २०२३ मध्ये टेस्लाने अमेरिकेत ऑटोपायलट या ड्रायव्हरला मदत करणाऱ्या यंत्रणेसाठी २० लाखांवर गाड्यांचा रिकॉल काढला, फेब्रुवारी २०२४ मध्ये तर इशाऱ्याच्या दिव्यांची अक्षरं नियमापेक्षा बारीक आहेत म्हणून जवळपास २२ लाख गाड्यांचा. दोन्हीची दुरुस्ती ओटीएने. टेस्लाच्या मस्क साहेबांचं त्याआधीपासून म्हणणं होतं की अशा ओटीए दुरुस्तीला रिकॉल म्हणणं कालबाह्य आणि साफ चुकीचं आहे. इथल्या बऱ्याच ईव्ही (इलेक्ट्रिक गाड्यांच्या) ग्रुपवरही हेच ऐकतो, की अरे रिकॉल कसला, साधं अपडेट आहे, मीडिया उगाच बदनाम करतं.

मला हे अजिबात पटत नाही. गाडी वर्कशॉपला जाते की नाही हा मुद्दाच नाही. रिकॉल म्हटलं की अमेरिकेत कंपनीला कागद दाखल करावा लागतो, दोष काय, कोणत्या गाड्या, कोणतं व्हर्जन, कधी लक्षात आलं, काय होऊ शकतं, दुरुस्ती काय, आणि तो कागद कोणीही उघडून वाचू शकतं. मी ते वाचत बसतो रात्री, बायको हसते. व्होल्वोचं ते शंभर सेकंदांचं प्रकरण जगाला इतक्या नेमकेपणाने कळलं ते अशा कागदामुळेच. म्हणजे बघा, कायद्याने मागितलं की हेच लोक सेकंदापर्यंतचा हिशोब लिहू शकतात. मालकाला सांगायचं म्हटलं की एक ओळ.

नियम नाहीत असंही नाही. संयुक्त राष्ट्रांचा आर१५६ नावाचा नियम २०२१ पासून लागू आहे, युरोपियन युनियनमध्ये जुलै २०२४ पासून सगळ्या नव्या गाड्यांना. त्यात ओटीए करायच्या आधी वापरणाऱ्याला त्याचा उद्देश, कामात होणारे बदल, लागणारा वेळ, त्या काळात काय बंद राहील हे सांगायची सोय हवी, आणि अपडेट फसलं तर गाडी आधीच्या व्हर्जनवर किंवा सुरक्षित अवस्थेत गेली पाहिजे, असं आहे. ही शेवटची गोष्ट फार महत्त्वाची. चांगल्या गाड्यांत जुनं सॉफ्टवेअर एका कप्प्यात तसंच ठेवून नवं दुसऱ्या कप्प्यात भरतात, नीट सुरू झालं तरच त्यावर उडी मारतात.

जिथे हे नीट सांभाळलं जात नाही तिथे काय होतं त्याचा नमुना म्हणजे २०१९ च्या सुरुवातीचा बीजिंगमधला किस्सा. नियो या चिनी कंपनीच्या ईएस८ या इलेक्ट्रिक गाडीमध्ये ट्रॅफिकमध्ये अडकलेले असताना अपडेट सुरू केलं गेलं आणि गाडी शहराच्या ऐन मधल्या चांगआन मार्गावर तासाहून जास्त वेळ बंद, काचाही उघडेनात. बाहेर पोलीस, आत माणसं, आणि स्क्रीनवर इन्स्टॉल चालू आहे. हसू येतं, पण आपण त्यात नव्हतो म्हणून.

मला काय हवंय ते अगदी साधं आहे. गाणी, नकाशे, स्क्रीनचे रंग, त्याबद्दल हवं ते मोघम लिहा, वाचणारही नाही. पण ब्रेक, स्टिअरिंग, रिजेन, चार्जिंग आणि रेंज या पाच गोष्टींना अपडेटचा हात लागला असेल तर ते वेगळं, वर, साध्या भाषेत लिहा. दोष काढला असेल तर 'दोष' हाच शब्द वापरा. आणि माझी सेटिंग बदलणार असाल तर सकाळी गाडी सुरू केल्यावर मोठ्या अक्षरात दाखवा. जुन्या व्हर्जनवर परत जायची मुभा पण मागितली असती, पण त्यात सिक्युरिटीची भोकं पुन्हा उघडतात हे मला कळतं, म्हणून तिथे मी हट्ट धरत नाही.

तोवर माझी पद्धत ठरलीय. अपडेट आलं की आधी सगळ्या सेटिंगचे फोनवर फोटो काढायचे, रेंज किती दाखवतेय त्याचा पण. आठवडाभर थांबायचं, घाईघाईने टाकणाऱ्यांच्या गाड्या कशा आहेत ते बघायचं, या शूर लोकांचे मनापासून आभार. लांबच्या प्रवासाच्या आदल्या रात्री तर हात पण लावायचा नाही. आणि टाकल्यानंतर पहिली चक्कर एकट्याने, मोकळ्या रस्त्यावर, पाय ब्रेकवर तयार ठेवून.

कालच नवीन व्हर्जन आलंय. ओळ तीच आहे, शब्दही बदललेला नाही. फोटो काढून झालेत, पुढच्या शनिवारी टाकणार आहे. तुमच्यापैकी कोणी टाकलं असेल तर खाली सांगा, रिजेन जागेवर आहे का ते.