कॅमेऱ्याला डॉक्टरेट कशाला, असे विचारणाऱ्यांना

एप्रिल 2025 मध्ये पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला आणि तिथे आता पीएचडीही करता येईल, अशी बातमी आली. तेव्हापासून पुण्यातल्या आमच्या जुन्या मित्रमंडळींत एकच वाद चालू आहे. चित्रपट शिकवणाऱ्या संस्थेने चित्रपट काढणारी माणसे घडवावीत, प्रबंधांची बाडे वाचणार कोण, असा बहुतेकांचा सूर आहे. एकाने तर लिहिले की कॅमेरा धरणाऱ्याला डॉक्टर करून काय साधणार. ते वाचून आलेला संताप अजून ओसरलेला नाही, कारण मी लंडनच्या हॅरो भागात राहते आणि नॉर्थविक पार्क स्टेशनाला लागून असलेल्या वेस्टमिन्स्टर विद्यापीठाच्या आवारात या प्रश्नाचे उत्तर केव्हाच मिळालेले आहे.

‘द ॲक्ट ऑफ किलिंग’ हा जोशुआ ओपनहायमर यांचा 2012 चा माहितीपट पुण्यातल्या माझ्या मित्रांनीही पाहिला आहे आणि त्याचे तोंडभर कौतुकही केले आहे. इंडोनेशियात 1965-66 मध्ये झालेल्या कत्तलींतले मारेकरी त्यात आपल्या आवडत्या सिनेमांच्या थाटात स्वतःचेच खून पुन्हा करून दाखवतात. मात्र या चित्रपटामागे वेस्टमिन्स्टरमधला, सरकारी निधीवर चाललेला एक संशोधन प्रकल्प होता, हे त्यांच्यापैकी कोणाच्याही गावी नाही. कत्तल करणारा माणूस स्वतःला कोणत्या गोष्टीतला नायक समजतो, हा त्या प्रकल्पाचा प्रश्न होता. मुलाखती घेऊन त्याचे उत्तर मिळाले नसते. ते कॅमेऱ्यासमोर, त्या माणसांना अभिनय करायला लावूनच मिळाले. स्थानिक सहकाऱ्यांच्या जिवाला धोका असल्यामुळे श्रेयनामावलीत कितीतरी ठिकाणी नावाऐवजी ‘अनामिक’ एवढेच लिहिलेले आहे. 2014 मध्ये या चित्रपटाला बाफ्टा हा ब्रिटिश चित्रपट पुरस्कार मिळाला तो चित्रपट म्हणून. संशोधन म्हणून त्याची किंमत वेगळी आहे आणि तीही तितकीच मोठी आहे.

विद्यापीठांच्या संशोधनाची राष्ट्रीय तपासणी, रेफ, इथे ब्रिटनमध्ये दर काही वर्षांनी होते. 2021 च्या फेरीत, जिचे निकाल 2022 च्या मे महिन्यात लागले, प्रत्यक्ष संशोधनकृतींना 60 टक्के, समाजावरील प्रभावाला 25 टक्के आणि संशोधनाच्या वातावरणाला 15 टक्के वजन होते. चित्रपट त्या तपासणीत पुस्तकाच्या बरोबरीने दाखल करता येतो. त्या फेरीत त्यासोबत 300 शब्दांपर्यंतचे निवेदन जोडता येत होते आणि त्यात प्रश्न कोणता होता, पद्धत कोणती वापरली, नवे काय कळले, हे सांगायचे होते. अशा संशोधकांचे चित्रपट दाखवले जातात तेव्हा मी जाऊन बसते. मागे एका मुलीने आपल्या आजीच्या स्वयंपाकघरावरचा लघुपट दाखवला. दिवे लागल्यावर प्राध्यापिकेने चित्रणाबद्दल अवाक्षरही काढले नाही. ‘शूटिंग सुरू करण्यापूर्वी तुला ठाऊक नसलेले काय तुला आता ठाऊक आहे?’ एवढेच तिने विचारले. ती मुलगी बराच वेळ अडखळली, मग म्हणाली की आजी कॅमेऱ्यासमोर जे पदार्थ करायचे टाळते त्यांवरून तिने कोणते घर सोडले हे कळते. मला वाटते, ‘कशाला डॉक्टरेट’ म्हणणाऱ्यांनी त्या खोलीत एकदा बसावे.

त्याहून जास्त खुपणारी गोष्ट वेगळी आहे. आपल्या मुंबईतल्या, परळच्या वाडिया मूव्हीटोन या चित्रपट कंपनीचा, तिच्या 1935 च्या ‘हंटरवाली’चा आणि त्यातली स्टंट करणारी नायिका नाडिया हिचा मोलाचा अभ्यास याच वेस्टमिन्स्टरमधल्या रोझी थॉमस यांनी केला. परदेशी अभ्यासक मुंबईच्या धंदेवाईक सिनेमाला नाके मुरडत होते त्या काळात, 1985 मध्ये, त्यांनी ‘स्क्रीन’ या नियतकालिकात त्या सिनेमाकडे गंभीरपणे पाहणारा निबंध लिहिला. आपल्याकडे विद्वान नव्हते असे मी म्हणत नाही, पी. के. नायर यांनी एकट्याच्या जिद्दीने पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय उभे केले नसते तर जगात कोणालाच काही अभ्यासता आले नसते. परंतु परळच्या स्टंटपटांचा इतिहास वाचायला मला लंडनमधली विद्यापीठाची ग्रंथालये उघडावी लागतात, याची लाज मला वाटते आणि ती पुण्यातल्या मित्रांनाही वाटावी अशी माझी इच्छा आहे.

फिल्म इन्स्टिट्यूट प्रभातच्या जागेत उभी आहे. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय त्याच लॉ कॉलेज रस्त्यावर, जयकर बंगल्याच्या आवारात, चालत जाण्याच्या अंतरावर आहे. चित्रपटावर संशोधन करायला याहून योग्य रस्ता हॅरोत तर नाहीच, पण माझ्या माहितीप्रमाणे कुठेच नाही. याच परिसरात 2003 च्या जानेवारीत आग लागली आणि चटकन पेट घेणाऱ्या नायट्रेट फिल्मवरची जुनी रिळे गेली. जे उरले आहे ते नुसते डिजिटल करून भागणार नाही, त्याच्याशी वर्षानुवर्षे बसून बोलणारी माणसे लागतात आणि अशी माणसे पीएचडीच्या शिष्यवृत्तीवरच जगू शकतात.

इथे सगळे आलबेल आहे असे नाही. केंट विद्यापीठाने पत्रकारिता, तत्त्वज्ञान, कलेतिहास असे विषय टप्प्याटप्प्याने बंद करायचे ठरवले आणि इंग्लंडच्या कलाशाखांवर जी कुऱ्हाड पडते आहे ती मी रोज पाहते. तेव्हा हे वैभव माझे असल्यासारखे मी मिरवते त्यात काही अर्थ नाही. ज्या विद्यापीठाच्या नावाने मी भांडते आहे तिथे मी केवळ प्रेक्षक आहे. आणि तरीही भांडते, कारण पुण्याचा विषय निघाला की मला गप्प बसवत नाही. फाळके 1912 मध्ये लंडनला आले, वॉल्टनमध्ये चित्रपट निर्माते सेसिल हेपवर्थ यांच्याकडे काम पाहिले, विल्यमसन कॅमेरा घेतला आणि परत गेले. मी गेले नाही. त्यामुळे सल्ला देण्याचा माझा हक्क तोकडा आहे हे मला कळते, परंतु मागणी करण्याचा आहे असे मी धरून चालते: इन्स्टिट्यूटमधली पहिली काही डॉक्टरेटची कामे प्रभातच्या उरलेल्या रिळांवर व्हावीत, प्रबंधाबरोबर चित्रपटही ग्राह्य धरावा, आणि ती कामे मराठीत लिहायची मुभा असावी.