लसणाने कुत्र्याचे जंत जात नाहीत, कृपा करा!

ऐरोलीच्या मावशीने शेरूचा भात बंद केला आणि त्याच्या जेवणात लसूण ठेचून घालायला लागली. का, तर सोसायटीच्या ग्रुपवर आलं. कुत्रा म्हणजे लांडगाच, त्याच्या लाळेत स्टार्च पचवणारं द्रव्यच नसतं, म्हणून पोळी-भात त्याच्या पोटात कुजतो, हाडं मात्र विरघळतात, आणि रोज लसणाच्या दोन पाकळ्या दिल्या की जंत-गोचीड साफ! खाली 'सर्व प्राणीप्रेमींना पाठवा'.

आधी लसूण, कारण तो रोज द्यायला सांगितलाय. कांदा-लसणातल्या गंधकयुक्त द्रव्यांमुळे कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. शिजवा, तळा, पावडर करा, धोका राहतोच. एका पाकळीने कुत्रा लगेच कोसळत नाही, म्हणून 'आमच्याला कुठे काय झालं' म्हणत माणसं घालत राहतात. लक्षणं दिसायला काही दिवस लागू शकतात: हिरड्या फिक्या पडतात, लघवी लालसर-काळपट होते, जिना चढताना धाप लागते. तोवर लसूण कुणाला आठवतो? 'उकाड्याने मलूल झालाय' म्हणून सोडून देतात. जंतांची गोळी व्हेट कुत्र्याचं वजन बघून देतात, गोचिडांचं औषधही तसंच. आणि रविवारचा उरलेला रस्साही नको, त्यात कांदा-लसूण असतोच.

आता भात. स्वीडनच्या उप्साला विद्यापीठातल्या संशोधकांनी कुत्रा आणि लांडगा यांची जनुकं ताडून पाहिली. 2013 साली 'नेचर'मध्ये ते छापून आलं. स्टार्च पचवणारं अमायलेज बनवणाऱ्या जनुकाच्या लांडग्यात 2 प्रती, कुत्र्यांत 4 ते 30. माणसाच्या खरकट्यावर हजारो वर्षं जगलेला प्राणी हा, त्याला शिजलेला भात पचणार नाही? कुत्र्याच्या लाळेत अमायलेज जवळपास नसतं, एवढं त्या मेसेजमधलं खरं. पण ते स्वादुपिंडातून लहान आतड्यात येतं आणि काम तिथे होतं. म्हणून तर तो न चावता गिळतो तरी चालतं.

हाडांबद्दल फार बोलायला नको. शिजलेल्या कोंबडीच्या हाडाची टोकदार कुसळं होतात, ती घशात अडकतात, आतड्याला भोक पाडतात. पोटातल्या आम्लाच्या भरवशावर राहू नका.

नुसत्या दूध-पोळीवर कुत्रा पोसला जात नाही, हेही मान्य करतो. बऱ्याच वाढ झालेल्या कुत्र्यांना दूध पचत नाही, जुलाब होतात. भातात उकडलेलं अंडं किंवा बिनहाडाचं, बिनमसाल्याचं चिकन घाला. रोजचं प्रमाण मात्र व्हेटला विचारा, ग्रुपला नको.