टॅब दाबला की कर्सर जातो तरी कुठं?

आज डोकं फिरलंय. लिहिल्याशिवाय झोप लागणार नाही.

जुलैचा शेवटचा आठवडा, पीकविम्याची घाई. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावात माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं केंद्र आहे. बाकड्यावर सकाळपासून 22 माणसं. कुणाची फवारणी राहिली, कुणाचं डवरण. आणि मी एका रकान्यातून दुसऱ्यात जायला दर वेळी माउस शोधतोय!

टॅब की कशासाठी असते, हे फॉर्म बनवणाऱ्याला कुणी सांगितलंच नाही का? टाइपरायटरवरही ती पुढच्या रकान्याशी नेऊन ठेवायची. नाव, टॅब, आधारचे 12 आकडे, टॅब, खातं, टॅब, आयएफएससी. चुकलं तर शिफ्ट धरून टॅब, की मागे. टिक करायची तर स्पेस, यादीतून तालुका निवडायचा तर बाण. दोन्ही हात कीबोर्डवर, नजर पासबुकावर. नीट बनवलेला फॉर्म मी पाच मिनिटांत हातावेगळा करतो. माझ्या टॅबवरची अक्षरं घासून गेलीत, इतकी ती चालते.

पीकविम्याच्या या पोर्टलवर नावानंतर टॅब दाबला की कर्सर थेट पानाच्या तळाशी. पुन्हा दाबा, तर कुठं आहे तेच दिसत नाही, कारण रकान्याभोवती उमटणारी रेघच काढून टाकलीय. जन्मतारखेच्या कॅलेंडरात शिरला की टॅबनं बाहेर निघतच नाही. कॅप्चा भरून टॅब आणि एंटर मारलं, तर फॉर्म जाण्याऐवजी कॅप्चाच बदलतो. अरे, काय चाललंय काय!

आणि हे बिघडवायला मेहनत करावी लागते हो. वेबपान ज्या भाषेत लिहितात त्या एचटीएमएलमध्ये रकाने ज्या क्रमानं लिहिले, त्याच क्रमानं टॅब आपोआप चालतो. टॅबचा क्रम ठरवणाऱ्या टॅबइंडेक्सला उलटसुलट आकडे द्या, खऱ्या बटणाच्या जागी नुसता डिव्ह, म्हणजे बटणासारखा दिसणारा रिकामा चौकोन ठेवा, मग मोडतो. सगळं कीबोर्डनं करता आलं पाहिजे, ही डब्ल्यूसीएजी 2.0 मध्ये, म्हणजे वेबसाइट सगळ्यांना वापरता यावी म्हणून केलेल्या जागतिक नियमावलीत, 2008 सालापासूनची अट आहे, तीही सगळ्यात पहिल्या पातळीची. ज्याला डोळ्यांनी दिसत नाही तो पडद्यावरचं वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर लावून याच टॅबच्या भरवशावर फॉर्म भरतो. त्यानं काय करायचं?

दुपारी एक काकाजी आले होते. आठ किलोमीटरवरून, चपलांना वावरातला काळा चिखल तसाच. बटणाचा मोबाइल डोळ्यांशी धरून ओटीपीचा एकेक आकडा सांगत होते. मी टॅब दाबला, कर्सर गायब. माउस ओढून रकाना सापडेस्तोवर ओटीपीची वेळ संपली. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा पान लॉगिनवर जाऊन बसलं, भरलेलं सगळं साफ.

"काहून रे बाबू, गेलं का पुन्हा?"

काय सांगू त्यांना? माझा हात जड नाही, त्यांचा मोबाइल जुना नाही. कुण्या एसीत बसलेल्या माणसानं फॉर्म तयार झाल्यावर माउस बाजूला ठेवून एकदा, फक्त एकदा, टॅबनं वरून खालपर्यंत जाऊन पाहिलं असतं तर हे घडलं नसतं. दहा मिनिटांचं काम आहे ते!

तेवढ्यात लाइन गेली. काकाजी उद्या सकाळच्या एसटीनं परत येणार आहेत. सातबाऱ्याची झेरॉक्स माझ्याकडंच ठेवून गेले.