आशाताईंना नुसतं 'अष्टपैलू' म्हणून मोकळं होऊ नका

आशा भोसले म्हटलं की पुढचा शब्द ठरलेला असतो: अष्टपैलू. लावणी गायल्या, कॅब्रे गायल्या, गझल गायल्या, पॉप गायल्या. यादी खरीच आहे, पण तिच्यात आवाजाबद्दल कुणी काही बोलतच नाही. मला विचाराल तर आशाताईंनी आवाज कधी बदललाच नाही. पहिलं अक्षर कानावर पडलं की त्या कळतात, मग गाणं 1959 च्या 'सांगत्ये ऐका'मधलं असो की 1995 च्या 'रंगीला'मधलं. समोर कवी कोण, संगीतकार कोण, हे बघून त्या श्वास कुठे घ्यायचा आणि शब्द कुठे सोडायचा एवढंच ठरवतात. सगळी जादू तिथे आहे.

'मुंबईचा जावई'मधलं 'का रे दुरावा' ऐका. गदिमांचे शब्द, बाबूजींची म्हणजे सुधीर फडक्यांची चाल. गाणं सुरूच 'का रे'ने होतं, आणि त्या दोन अक्षरांत रुसलेल्या नवऱ्याला मनवणारी बायको उभी राहते. लाडीगोडी आहे, थोडा हट्टही आहे, आणि तो ऐकेल याची खात्रीही आहे. आता लगेच 'तरुण आहे रात्र अजुनी' लावा. सुरेश भटांचे शब्द, हृदयनाथांची चाल. इथेही नवऱ्यालाच विचारलेलं 'का रे' आहे, पण ते ओळीच्या शेवटी येतं. खात्री संपलेली असते. बाई जागी आहे, उत्तर मिळणार नाही हे तिला कळलंय, तरी ती विचारते. दोन्हीकडे गळा तोच. हे मला कुणी 'व्हर्सटाइल' या एका शब्दात बसवून दाखवावं!

म्हणूनच 'उमराव जानने आशाला गंभीर गायिका म्हणून सिद्ध केलं' हे वाक्य वाचलं की मला राग येतो. 1981 साली या सिनेमासाठी संगीतकार खय्यामसाहेबांनी त्यांना नेहमीपेक्षा खालच्या पट्टीत गायला लावलं, सुरुवातीला त्यांना ते पटलं नव्हतं, आणि मग जे झालं ते आपण सगळे ऐकतोच. राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. खय्यामांचं श्रेय मोठंच. पण मराठी माणसाला 1981 पर्यंत थांबायची गरज नव्हती. आरती प्रभूंचं 'ये रे घना' आपल्याकडे होतं. 'जैत रे जैत'मध्ये महानोरांचं 'नभ उतरू आलं' होतं. 'मराठा तितुका मेळवावा'मधलं 'रेशमाच्या रेघांनी' तर 1964 चं. चाल आनंदघन या नावाने खुद्द लतादीदींची, आणि ती गायल्या आशाताई. (दोघी बहिणींची तुलना करत भांडणाऱ्यांनी हे गाणं एकदा शांतपणे ऐकावं.)

पंचमदांबद्दल, म्हणजे आर. डी. बर्मन यांच्याबद्दल, बोलायला लागलो तर पोस्ट संपणार नाही. 'पिया तू अब तो आजा'मध्ये त्यांनी आशाताईंचा श्वास चक्क तालवाद्यासारखा वापरला. 'इजाजत'च्या 'मेरा कुछ सामान'मध्ये तोच श्वास दोन ओळींमधली शांतता होतो. गुलजारांची ती कविता मुक्तछंदातली, चालीत बसवायला अवघड. पंचमदा अडले होते, आणि आशाताईंनी एक ओळ सहज गुणगुणली तिथून त्यांना चाल सापडली, असा किस्सा सांगतात. 1987 च्याच 'दिल पडोसी है' या अल्बममध्ये हेच तिघं पुन्हा भेटतात. तिथे नायिका नाही, सिनेमातला प्रसंग नाही, गायला फक्त शब्द आहेत. माझ्या मते हा आशाताईंचा सगळ्यात मोकळा अल्बम, आणि त्याच्याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं.

साठीनंतर त्यांनी अली अकबर खाँसाहेबांबरोबर 'लेगसी' केला, परंपरेनं आलेल्या बंदिशींचा. एवढं नाव झाल्यावर पुन्हा सरोदच्या उस्तादासमोर शिष्येसारखं बसायला काय लागत असेल, विचार करा. दीनानाथांची मुलगी आहे हे त्या ताना ऐकताना लख्ख कळतं.

आणि 2005 चा क्रोनोस क्वार्टेटबरोबरचा अल्बम. अमेरिकेतला व्हायोलिन, व्हायोला, चेलो वाजवणाऱ्या चौघांचा ताफा, तबल्यावर झाकीरभाई, गाणी सगळी पंचमदांची. आशाताई तेव्हा एकाहत्तर वर्षांच्या. 'मेरा कुछ सामान' इथे पुन्हा आहे. वरचा सूर पूर्वीइतका सहज लागत नाही, आवाजाला किंचित खर आली आहे. त्यांनी ती झाकली नाही. मला हे ध्वनिमुद्रण मूळ गाण्याइतकंच प्रिय आहे. 'इजाजत'मधली बाई सामान परत मागते तेव्हा दुखणं ताजं असतं. इथे मागणारीने मधली सगळी वर्षं काढलेली आहेत. पंचमदा 1994 सालीच गेले होते, हे माहीत असल्यामुळे मला तसं ऐकू येतं की खरंच गळ्यात आहे, हे ठरवता येत नाही. मला ठरवायचंही नाही.

रविवारी तासभर मोकळा असेल तर हेडफोन लावून याच क्रमाने ऐका: 'का रे दुरावा', 'तरुण आहे रात्र अजुनी', 'इजाजत'मधलं 'मेरा कुछ सामान' आणि मग क्रोनोसचं. कुठल्या गाण्यात कुठल्या अक्षरावर थांबलात ते खाली लिहा. 'छान' एवढंच लिहू नका, अक्षर सांगा.