गेटची फी आमच्या खिशात येत नाही, सर

नमस्कार सर,

ताडोबाच्या जंगलाजवळच्या आमच्या खोल्यांबद्दलचा तुमचा रिव्ह्यू काल रात्री वाचला. कूलरची मोटर बंद पडली, मान्य. मे महिन्यात चंद्रपूर जिल्ह्यात कूलर नसलेली खोली म्हणजे काय ते मला कुणी सांगायला नको. तर्री-पोहे गार होते, तेही मान्य. दोन्हींबद्दल मनापासून माफी मागतो.

पण पुढे तुम्ही लिहिलंय, "सफारीच्या फीच्या नावाखाली लूट चालते. मित्राला बुधवारी कमी लागले, आमच्याकडून शनिवारी जास्त घेतले. वाघ दिसला नाही तरी एक रुपया परत नाही. फक्त हरणं आणि कुत्रे दिसले. पैसे कुठे जातात देव जाणे." मी फोन घेऊन बसलो होतो तेव्हा आईने विचारलं, "काय लिवलं रे त्यायनं?" पोह्यांबद्दल लिहिलंय एवढंच सांगितलं. 'लूट' हा शब्द तिच्यापुढे वाचायची हिंमत झाली नाही. तुमच्या मुलीला कैरीचं पन्हं करून दिलं ती हीच.

आमच्या चार खोल्या आहेत. नव्या गिऱ्हाइकाने 'लूट' वाचलं की तो पुढचं वाचत नाही, सरळ रिसॉर्टला फोन लावतो. म्हणून जरा लांबण लावतोय, राग मानू नका.

शनिवार, रविवार आणि सुट्टीच्या दिवशी ताडोबाच्या कोअरचा, म्हणजे आतल्या मुख्य जंगलाचा, दर जास्त असतो. तो मी ठरवत नाही, व्याघ्र प्रकल्पाकडून ठरतो आणि ऑनलाइन बुकिंग करताना समोर दिसतो. प्रवेश शुल्क, जिप्सीचं भाडं आणि गाइडचं मानधन हे तीन वेगळे पैसे आहेत. भाडं जिप्सीवाल्याचं, मानधन गाइडचं, आणि प्रवेश शुल्क प्रकल्पाच्या प्रतिष्ठानाकडे जमा होतं. यात चौथा खिसा नाही. तुमचं बुकिंग तुमच्याच ओळखपत्रावर केलं आणि पावती त्याच मिनिटाला तुमच्या व्हॉट्सॲपवर पाठवली. पावतीत जो आकडा होता तोच मी घेतला. तिचा फोटो इथे टाकू शकलो असतो, पण त्यावर तुमचं नाव आहे.

आता पैसे कुठे जातात ते. वन्यजीव कायदा १९७२ चा, त्यात २००६ साली दुरुस्ती झाली आणि व्याघ्र प्रकल्पांना स्वतःचं प्रतिष्ठान काढायची तरतूद आली. गेटवरचा पैसा सरकारी तिजोरीत न जाता त्याच जंगलाच्या कामी यावा, म्हणून. केंद्र आणि राज्य दोघंही निधी देतात, पण तो टप्प्याटप्प्याने येतो. आगीचा हंगाम मात्र १५ फेब्रुवारीला सुरू होतो म्हणजे होतोच, हप्त्यासाठी थांबत नाही. तेव्हा गेटचाच पैसा कामी येतो.

रस्त्याच्या कडेचं गवत जाळून काळं का केलंय, असं तुम्ही वाटेत विचारलं होतं ना? ती जाळरेषा. एक जण पुढे पेटवत जातो आणि मागून तिघं-चौघं हिरव्या फांद्यांनी झोडपत विझवत येतात, म्हणजे पुढे वणवा लागला तर तो त्या पट्ट्याशी अडतो. हे काम आमच्या आसपासच्या गावांतली माणसं रोजाने करतात. ज्या पाणवठ्यावर तुमची गाडी पाऊण तास थांबली होती, तिथे उन्हाळ्यात सोलर पंपाने बोअरचं पाणी चढवावं लागतं. ते पाणी होतं म्हणून ते "कुत्रे" तिथे आले. सर, ते कोळसून होते, रानकुत्रे. कळप आला की वाघही वाट सोडतो, असं आमचे म्हातारे सांगतात. लोक त्यांच्यासाठी चार-चार फेऱ्या मारतात. तुम्हाला पहिल्याच फेरीत नऊ दिसले.

२०२० च्या मार्चमध्ये गेटं बंद झाली तेव्हा फी नसली की काय होतं ते आम्ही बघितलंय. गाइड पोरं तेंदूपत्ता तोडायला गेली. ज्या जंगलात लोकांना वाघ दाखवायचे, त्यातच जीव मुठीत धरून पानं खुडायची. आणि गस्त काही थांबली नव्हती. पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर २०२१ मध्ये, कोलारा भागात वाघांच्या गणनेसाठी पायी निघालेली एक वनरक्षक वाघिणीच्या हल्ल्यात गेली. आपण जिप्सीत बसून बघतो, ती माणसं पायी फिरतात.

सगळंच बरोबर चाललंय असं मी म्हणत नाही. दर वाढले की आमच्या गावातल्या पोरालाच कोअर बघणं परवडत नाही, हे मलाही खुपतं. वर्षभरात किती जमले आणि कशावर गेले याचा एक मोठा फळा प्रत्येक गेटवर लागला तर बरं होईल. तसा असता तर हे सगळं मला लिहावं लागलं नसतं.

बाकी, सफारी "कमी वेळाची" झाली हे खरं आहे. पाच वाजता गाडी दारात उभी होती. ओळखपत्रं खोलीत राहिली म्हणून अर्ध्या वाटेतून परतावं लागलं. मोबाइल गेटवर जमा करायला सांगितला तेव्हा गाइडताईंना जे बोललात, ते मी इथे लिहीत नाही. नियम त्यांनी केलेला नाही. त्या माझ्या वहिनीची बहीण आहेत, हे तुम्हाला माहीत नव्हतं, पण तो मुद्दा नाही.

कूलरवाला चंद्रपूरहून येऊन गेला, एक-दोन दिवसांत मोटर बसेल. पोह्यांचंही बघतो. फीचा तक्ता रिसेप्शनजवळ लावायचा विचार आहे, बहुतेक पुढच्या हंगामापासून, कारण १ जुलैला कोअर बंद होतं ते ३० सप्टेंबरपर्यंत, आणि त्या तीन महिन्यांत आमच्याकडे फारसं कुणी फिरकत नाही.

मुलीची निळी टोपी खाटेखाली सापडली. पत्ता पाठवा, कुरिअर आम्ही करू. स्टार एकच राहू द्या, हरकत नाही. 'लूट' तेवढा शब्द काढता आला तर बघा.