समुद्र पाहिलेल्या माणसाचं उत्तर

नमस्कार.

आपण नावाच्या जागी ‘एक वाचक’ एवढंच लिहिलं आहे, तेव्हा दादा म्हणू की ताई, हा पहिला प्रश्न. ‘आपण’ म्हणतो. निदान मी तरी म्हणतो.

माझ्या कथामालेतल्या अंतराळयानांना नोंदणी क्रमांक कसे दिले, ते मी गेल्या आठवड्यात सविस्तर लिहिलं. त्यावर आपली पाच वाक्यांची प्रतिक्रिया आली. इतरांसाठी ती जशीच्या तशी देतो: ‘लेखात सुसंगत पद्धत म्हणता आणि कथांत मात्र केवडा या यानाला दोन वेगळे क्रमांक आहेत. जहाजाची ओळख मरेपर्यंत एकच हवी. शिवाय एकाच बंदरातल्या जुन्या यानाचा आकडा नव्यापेक्षा मोठा. पाचव्या कथेतला तपासणीचा अंक तुमच्याच रीतीने चुकतो. समुद्र न पाहिलेल्यांनी जहाजांचे आकडे मांडत बसू नये.’

शेवटचं वाक्य वाचून मी चहा अर्धा टाकून उठलो. खोटं कशाला बोलू.

आधी जे बरोबर आहे ते मान्य करतो, म्हणजे लेखक हेकट आहे असं नंतर कुणी म्हणायला नको. पाचव्या कथेत केवडाचा क्रमांक ०४-गु-०३१७-१ असा पडला आहे. तो ०४-गु-०३१७-९ हवा. पहिले दोन आकडे बंदराचे, मग यानाचा प्रकार (गु म्हणजे गुराब, ग म्हणजे गलबत, म म्हणजे मचवा), मग त्या बंदरातला अनुक्रम आणि शेवटी तपासणीचा अंक, म्हणजे आधीचे आकडे लिहिण्या-वाचण्यात चुकले तर पकडून देणारा. बंदर आणि अनुक्रम मिळून सहा आकडे होतात. त्यांना डावीकडून ७, ६, ५, ४, ३, २ ने गुणायचं, बेरीज करायची आणि ११ ने भागून बाकी घ्यायची. केवडाची बेरीज ५३, बाकी ९. माझ्या वहीत ९ च आहे, पण टंकताना माझ्याच अक्षरातला ९ मला १ वाटला. चूक झाली, दुरुस्त केली. आपले आभार. एका आकड्याबद्दल.

आता ते शेवटचं वाक्य.

मी मिरकरवाड्यात वाढलो. रत्नागिरीबाहेरच्यांसाठी सांगतो, ते मासेमारीचं बंदर आहे आणि आमच्या घराचं मागचं दार उघडलं की पुढे जाळी, त्यापुढे होड्या आणि त्यापुढे आपण म्हणता तो समुद्र. आमचे अण्णा होड्या रंगवायचे. पावसाळ्यात होड्या वर ओढून शाकारून ठेवलेल्या असत. नारळी पौर्णिमा जवळ आली की झाप काढायचे, तळ खरवडायचा, फटी भरायच्या, मग रंग. नंबर सगळ्यात शेवटी, नाळेच्या, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाच्या, दोन्ही अंगांना. हा नंबर रंगवणं वाटतं तितकं सोपं नाही. होडीच्या डाव्या अंगाला उभे राहिलात तर नाळ आपल्या डाव्या हाताला येते, म्हणजे आकडे नाळेकडून मागे लिहीत जायचे. उजव्या अंगाला सगळं उलट. तिथे नाळेजवळ शेवटचा आकडा येतो. जागा पुरावी म्हणून अण्णा त्या बाजूला नाळेपासून सुरुवात करायचे आणि नंबर शेवटाकडून पहिल्याकडे लिहीत यायचे. मी डबा धरून उभा.

मी सातवीत असताना अण्णा तापाने पडले आणि एका तांडेलाची, म्हणजे होडीवरच्या म्होरक्याची, होडी अडून राहिली. मी म्हटलं, मी करतो. डावं अंग झकास झालं. उजव्या अंगाला उलटं लिहिता लिहिता मधल्या दोन आकड्यांची अदलाबदल झाली. रंग ओला असताना कुणाच्या लक्षात आलं नाही, वाळल्यावर तर नाहीच. होडी दर्यात गेली आणि तिसऱ्या का चौथ्या दिवशी गस्तीच्या लाँचने अडवली. एका अंगाला एक नंबर, दुसऱ्या अंगाला दुसरा, कागदात तिसरं काही नाही म्हणून बरं. दिवसभर होडी जेटीला बांधलेली, मासळी बर्फाविना. संध्याकाळी तांडेल आमच्या दारात उभा. ‘मेल्या, माझ्या एका होडीच्या दोन होड्या केल्यास!’ अण्णा तसेच तापात उठले आणि कंदिलाच्या उजेडात तो नंबर पुसून पुन्हा लिहिला. मला एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर परवडलं असतं.

तर, समुद्र न पाहिलेला मी! माझ्या पद्धतीत तपासणीचा अंक आहे तो परदेशी कुठून उचललेला फॅशनचा तुकडा म्हणून नाही. शेजारचे दोन आकडे उलटे झाले तर काय होतं, ते मी जेटीवर उभं राहून पाहिलंय. काठावर बसून पोहण्याचे धडे देण्याचा आरोप करण्यापूर्वी तुम्ही निदान विचारायचं होतं, की बाबा रे, तू कुठला? माफ करा, आपण विचारायचं होतं.

बरं, आपण मोठ्या जहाजांचं म्हणत असाल. तेही सांगतो. ३ जून २०२० ला निसर्ग वादळात बसरा स्टार हे जहाज मिऱ्याच्या किनाऱ्यावर येऊन रुतलं. खलाशी वाचले, जहाज तिथेच राहिलं. सारी रत्नागिरी त्याच्यासमोर फोटो काढायला लोटली. मी दुर्बीण घेऊन गेलो, कारण मला आयएमओ, म्हणजे आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा, क्रमांक कुठे दिसतो ते शोधायचं होतं. बायको म्हणाली, लोक जहाज बघतात आणि तुम्ही त्याची पाटी. हा सात आकडी क्रमांक १९८७ मध्ये आला आणि १९९६ पासून मोठ्या जहाजांना सक्तीचा झाला. नाव बदला, झेंडा बदला, मालक बदला, भंगारात निघेपर्यंत तो तोच. सातवा अंक तपासणीचा. पहिल्या सहांना ७ ते २ ने गुणून जी बेरीज येईल, तिचा एकम स्थानचा आकडा.

आणि इथे जरा थांबा, कारण ही गोष्ट मला फार आवडते. त्या रीतीला एक भोक आहे. तिसऱ्या आकड्याला ५ ने गुणतात. तिथे गंजामुळे १ च्या जागी ३ वाचलात तर बेरीज बरोबर १० ने वाढते, एकम स्थान जागचं हलत नाही, चूक निसटते. सहाव्या आकड्याला गुणक २, तिथे १ चा ६ झाला तरी तेच. म्हणून मी गुणक तेच ठेवले आणि १० सोडून ११ ने भागलं. ११ मूळ संख्या असल्यामुळे एक आकडा चुकला तरी सापडतो आणि कुठल्याही दोघांची अदलाबदल झाली तरी सापडते. तांडेलाची होडी त्या दिवशी जेटी सोडण्याआधीच पकडली गेली असती. फक्त बाकी १० आली तर एका घरात मावत नाही. पुस्तकांवरच्या जुन्या दहा आकडी आयएसबीएन क्रमांकात तिथे रोमन एक्स यायचा, आपल्याकडे बीजगणिताचा ‘क्ष’ आहेच. ०४-गु-०३१२ हिची बाकी १० येते, म्हणून ती ०४-गु-०३१२-क्ष. वाचकांपैकी एकाने तरी या क्षबद्दल विचारावं अशी माझी फार इच्छा होती. आपण विचारलं नाहीत. आपण १ आणि ९ बघितलात.

जुन्या यानाचा आकडा मोठा आणि नव्याचा लहान, हे म्हणे विसंगत. अमेरिकेच्या नौदलाला जाऊन सांगा. त्यांच्या लॉस एंजेलिस वर्गातली शेवटची पाणबुडी ७७३ क्रमांकाची. तिच्यानंतर १९९७ मध्ये सीवुल्फ सेवेत आली, तिचा क्रमांक २१. का, तर एकविसाव्या शतकाची पाणबुडी म्हणून आधी प्रकल्पाला दिलेला आकडाच पुढे तिला चिकटला. त्या वर्गाच्या तीनच बांधल्या आणि २००४ मध्ये पुढच्या वर्गाची व्हर्जिनिया आली ती पुन्हा ७७४. आपली विक्रांत घ्या. पहिली १९६१ ते १९९७, क्रमांक आर-११. ती मुंबईत तोडली, तिचं काही पोलाद वितळून मोटारसायकलींतही गेलं. २०२२ मध्ये नवी विक्रांत आली, क्रमांक पुन्हा आर-११. कुणी विसंगती म्हणून ओरडलं नाही, उलट उर भरून आला. माझाही. अंतराळातलंच उदाहरण हवं असेल तर स्टार ट्रेक या अमेरिकन मालिकेतली मुख्य नौका एनसीसी-१७०१ आणि १९६७ च्या एका भागात तिच्याच जातीची दुसरी दिसते ती १०१७. बाजारात मिळणाऱ्या मॉडेलच्या खोक्यातले तेच आकडे उलटसुलट चिकटवले, दुसरं कारण नाही. आकडे फिरवणारा सातवीतला मी एकटाच नव्हतो तर.

त्यात गुराबा म्हणजे लढाऊ यानं. लढाऊ यानांचे आकडे ओळीने द्यायला माझ्या कथेतले नोंदणी कारकून काही खुळे नाहीत. दुसऱ्या महायुद्धात दोस्तांनी हाती लागलेल्या जर्मन रणगाड्यांवरचे अनुक्रमांक गोळा केले आणि नुसत्या गणिताने महिन्याला किती रणगाडे बनतात ते काढलं. ऑगस्ट १९४२ साठी गुप्तहेरांचा अंदाज १५५० होता, गणिताचा ३२७. युद्धानंतर जर्मनांच्याच दप्तरात आकडा सापडला, ३४२. आकडे शिस्तीत लावले की शत्रूला बसल्या जागी शिरगणती मिळते. म्हणून ०४ बंदरात गुराबांचे अनुक्रम मुद्दाम उड्या मारतात. हे कथेत कुठे लिहिलंय, असं आपण विचाराल. लिहिलेलं नाही. सगळंच लिहायचं तर मग कथा कशाला, थेट दप्तरच छापतो.

‘मग लेखात सुसंगत हा शब्द कशाला वापरलात’, हेही येणार, मला दिसतंय. नियम ज्या दिवशी मोडला त्या दिवशी बंदरावर कोण बसलं होतं हे आकड्यावरून कळावं, एवढं मला सुसंगतीला पुरतं. आपल्याला पुरत नसेल तर नाइलाज आहे.

उरला केवडाच्या दोन क्रमांकांचा मुद्दा. त्यावर फार वेळ घालवत नाही. सहाव्या कथेत केवडा विकली जाते, ०७ बंदरात जाते, तिथे तिला ०७-गु-००५८-७ मिळतो. यात अवघड काय आहे? आमच्या रत्नागिरीची एमएच-०८ गाडी कायमची गोव्यात नेली तर तिला जीए लागतं. म्हणून गाडी काय दुसरी होते? चासीवरचा नंबर तर तोच असतो. (माझ्या यानांना चासी नंबर नाही, हे मला माहीत आहे. तो वेगळा विषय आहे.) आणि आयएमओ क्रमांकाचं मघाशी मीच सांगितलं, तेव्हा ते मला शिकवण्याची गरज नव्हती.

आपण बोटीवर नोकरी केलेली असेल तर मोकळेपणाने सांगा, मला आनंदच होईल. इंजिनात होतात की डेकवर, तेही सांगा. पण पहिल्या चार वाक्यांत जे म्हणायचं ते म्हणून झाल्यावर पाचवं कशासाठी लिहिलंत? त्याच्याविना प्रतिक्रिया चांगली होती. चार वाक्यांना मी चार ओळींत उत्तर देऊन मोकळा झालो असतो आणि रविवार वाया गेला नसता. आमच्याकडे चेष्टा चालते, शिवीही चालते, पण दर्या बघितला नाहीस असं तांडेलसुद्धा मला म्हणाला नव्हता, आणि त्याला तर म्हणायचा हक्क होता.

शेवटी एक. हे लिहायच्या आधी काल रात्री वही काढून सातही कथांतली सगळी यानं पुन्हा तपासली. एकूण ४३ आहेत. तपासणीचे अंक आता सगळे बरोबर आहेत, हे लेखी देतो. मात्र त्यात एकाच क्रमांकाची दोन यानं सापडली, तीही दोन्ही धडधाकट, एकाच वेळी अवकाशात. कुठली ते सांगणार नाही. आपल्याला सापडतीलच.