ओटनला मारलं कोणी? (कट्ट्यावरची लांबलेली चर्चा)

दरवर्षी २३ जानेवारी जवळ आली की तो फॉरवर्ड फिरायला लागतो, नेताजींनी कॉलेजात असताना ओटन नावाच्या गोऱ्या प्रोफेसरच्या कानफटात कशी वाजवली आणि त्याला जिन्यावरून खाली कसं ढकललं वगैरे, खाली तीन झेंडे आणि जय हिंद. यंदा आमच्या ग्रुपवर तो मन्याने टाकला. संध्याकाळी कट्ट्यावर (म्हणजे बंद झेरॉक्सच्या दुकानाच्या पायऱ्या, समोर चहाची टपरी) मन्या यायच्या आधीच अव्या वकील दबा धरून बसलेला.

"मन्या, तू होतास का रे जिन्यात?"

"कुठल्या जिन्यात?"

"प्रेसिडेन्सी कॉलेजच्या. कलकत्ता, १९१६. साक्षीदार कोण तुझा ते सांग आधी."

झालं, चहा यायच्या आत पेटलं.

ज्यांना प्रकरण माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. सुभाषबाबू कटकचे, मॅट्रिकला अख्ख्या कलकत्ता विद्यापीठात दुसरे आलेले आणि १९१३ ला प्रेसिडेन्सीत दाखल झालेले. मधेच १९१४ च्या उन्हाळ्यात घरी न सांगता मित्राबरोबर गुरू शोधायला हृषीकेश, हरिद्वार, काशी करून आले, गुरू काही मिळाला नाही, घरी आल्यावर टायफॉइड मात्र झाला. तर असा हा मुलगा, वर्गाचा प्रतिनिधी. ओटन इतिहासाचे प्रोफेसर. १० जानेवारी १९१६ ला त्यांच्या वर्गाबाहेर व्हरांड्यात मुलांचा गोंगाट झाला म्हणून त्यांनी काही जणांना धक्काबुक्की केली. सुभाष प्रिन्सिपल जेम्सकडे गेला, ओटननी माफी मागावी म्हणाला. जेम्स म्हणाले ते इंडियन एज्युकेशनल सर्व्हिसचे, मी त्यांच्यावर सक्ती करू शकत नाही, आणि त्यांनी मुलांना फक्त दंडाला धरून बाजूला केलं, त्यात अपमान कसला! दुसऱ्या दिवसापासून संप. शेवटी ओटननीच मुलांच्या प्रतिनिधींना बोलावून मिटवलं, पण संपाचा दंड काही माफ झाला नाही. महिन्याभराने ओटननी परत एका पहिल्या वर्षाच्या मुलावर हात टाकल्याची बातमी आली आणि १५ फेब्रुवारीला ते खालच्या मजल्यावर नोटीस बोर्डापाशी असताना मुलांनी घेरून बदडलं.

"मग तेच तर लिहिलंय!" मन्या म्हणाला.

"तेच नाही लिहिलेलं." अव्याचा आवाज कोर्टात चढतो तसा चढला. "जिन्यावरून ढकललं ही मुळात ओटनची तक्रार. खुद्द बोस आत्मचरित्रात सांगतात की हे धादांत खोटं आहे, पाठीमागून एकच फटका बसला आणि तोही किरकोळ, ज्यांनी पाडलं ते सगळे समोर होते, त्याच पातळीवर उभे. आणि पुढे म्हणतात, मी स्वतः डोळ्यांनी पाहिलंय. म्हणजे तू नेताजींची स्तुती करायला गेलास आणि साहेबाची फिर्याद फॉरवर्ड केलीस."

यावर मन्याची बोलती बंद व्हायला पाहिजे होती पण मन्या तो मन्या. म्हणे, एवढं बारीक कुणाला माहीत असतं, समोर किती आणि मागे किती? ज्याने हात टाकला त्यालाच! खरं सांगायचं तर मला हे पटलं. पाठीमागचा फटका 'किरकोळ' होता हे बघणाऱ्याला कसं कळणार?

अव्या म्हणाला, हा तर्क झाला, पुरावा नाही. पुरावा एकच, कॉलेजच्या एका शिपायाने सांगितलं की मी सुभाष बोस आणि अनंग दाम या दोघांना पळताना पाहिलं. मन्याने लगेच मोबाइलवर शोधून काढलं की ओटन साहेबांनी पुढे म्हातारपणी सुभाषबाबूंवर कविता लिहिली, त्यात तुझ्या हातून मी कधी सोसलं का अशा अर्थाची ओळ आहे. "बघ, मार खाणाराच सांगतोय!"

"प्रश्नचिन्ह आहे ना ओळीत? मग संशयाचा फायदा आरोपीला."

शिल्पा इतका वेळ गप्प होती. ती अकरावी-बारावीला शिकवते, त्यामुळे तिची बाजू आम्हाला माहीतच होती. ती म्हणाली, तुम्हाला सगळ्यांना मजा वाटतीये पण एका माणसाला घोळक्याने घेरून मारणं यात शौर्य काय रे, उद्या माझ्या वर्गातल्या पोरांनी हा फॉरवर्ड वाचला तर? मन्या म्हणाला तू काय इंग्रज आहेस का. "मी मास्तरीण आहे, ते पुरेसं आहे."

इथे मी तोंड घातलं, कारण मला या सगळ्या प्रकरणात ती मारामारी सगळ्यात कमी इंटरेस्टिंग वाटते. जेम्स साहेबांचं शिक्षणखात्याच्या वरिष्ठांशी वाजलं आणि त्यांचीच उचलबांगडी व्हायची वेळ आली. खुर्ची जायच्या आधी त्यांनी काळ्या यादीतल्या मुलांना बोलावलं आणि म्हणाले, बोस, या कॉलेजातला सगळ्यात त्रासदायक मुलगा तू आहेस, मी तुला सस्पेंड करतो. एकोणीस वर्षांचं पोरगं उत्तर काय देतं तर, "थँक यू." आणि घरी जातं.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. चौकशी समिती बसली, अध्यक्ष सर आशुतोष मुखर्जी. सुभाषला सरळ विचारलं, मारहाण तुला योग्य वाटते का? नाही, एवढं म्हणून थांबला असता तरी कदाचित निभावलं असतं. तो म्हणाला, मारहाण समर्थनीय नाही, पण मुलांना प्रचंड चिथावणी होती, आणि मग गेल्या काही वर्षांत कॉलेजातल्या गोऱ्यांनी काय काय केलं त्याचा पाढाच वाचला. निकाल असा लागला की अहवालात मुलांच्या बाजूने एक शब्द नाही आणि नाव घेऊन उल्लेख फक्त याचा. रस्टिकेट, म्हणजे कॉलेजातून हकालपट्टी. दुसऱ्या कॉलेजात जायचीही परवानगी नाही.

"आणि दोषींची नावं सांगितली नाहीत," शिल्पा म्हणाली, "ते मात्र मला आवडलं." डोळ्यांनी पाहिलं म्हणणारा माणूस वीस वर्षांनी लिहितानाही एकाचं नाव काढत नाही!

अव्याने मग वेगळीच काडी टाकली. म्हणाला, वडील कटकचे नामांकित वकील, घरचं बरं, म्हणून वर्ष-दीड वर्ष घरी बसणं परवडलं. आजचा एज्युकेशन लोनवाला पोरगा थँक यू म्हणेल का? यावर कुणाला उत्तर सुचलं नाही. फक्त मी म्हणलं की तो घरी बसला नव्हता, कटकला पोरं गोळा करून कॉलरा-देवीच्या रोग्यांची सेवा करत होता. पण परवडलं हे खरंच. आणि दामचं नाव त्या फॉरवर्डमध्ये कधीच नसतं, हेही खरं.

मन्याचा शेवटचा मुद्दा मजेशीर होता. एवढं सगळं करून १९१७ ला स्कॉटिश चर्च कॉलेजात प्रवेश मिळाल्यावर गडी इंग्रजांच्याच विद्यापीठ पलटणीत भरती झाला आणि मग आयसीएस (इंग्रज सरकारच्या बड्या अधिकाऱ्यांची परीक्षा) द्यायला केंब्रिजला गेला, हे कसं? पलटणीचं सोपं आहे, त्याला बंदूक हातात हवी होती. आधी बंगाली पलटणीत जायला गेला तर डोळ्यांमुळे नापास झाला होता. फोर्ट विल्यममध्ये रायफली घ्यायला आत शिरलो तेव्हा आपलीच हिरावलेली वस्तू ताब्यात घेतल्यासारखं वाटलं असं तो लिहितो. आझाद हिंद सेनेचं मूळ शोधणाऱ्यांनी नोटीस बोर्डापाशी नको, तिथं शोधावं असं माझं मत. आयसीएसचं म्हणशील तर वडिलांनी विचार करायला २४ तास दिले होते आणि आठ महिन्यांत आपण काही पास होत नाही अशी त्याची खात्री होती. चौथा आला, पंचाईत झाली, एप्रिल १९२१ मध्ये राजीनामा.

"आणि मग?"

मग १६ जुलैला मुंबईत बोटीतून उतरला आणि त्याच दुपारी मणिभवनात गांधीजींसमोर. पाया पडून निघाला नाही, बसून प्रश्न विचारत राहिला, तुमच्या चळवळीची पहिली पायरी कुठली, पुढची कुठली, शेवटी सरकार कसं जाणार? सगळी उत्तरं काही त्याला पटली नाहीत.

"म्हणजे जेम्स बरोबर होता," अव्या म्हणाला, "त्रासदायकच होता." मन्याला तेवढ्यात फॉरवर्ड डिलीट केला का म्हणून विचारलं तर म्हणे नाही, जिना काढून परत टाकलाय, कानफटात तशीच ठेवलीये.